बारशानंतर बाळाचं वजन का थांबलं: एका बाळंतिणीच्या घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं, घाटंजी-पांढरकवडा बाजूचं एक गाव. नावं टाकत नाही, गावाचंही नाही. घरच्यांना विचारून, त्यांनी हो म्हटल्यावरच लिहितेय, आणि ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत. मी या भागात गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंसोबत घरभेटींना जाणं, नोंदी तपासणं, कुठं अडलं तर जाऊन बसणं हे माझं काम.

घर साधंच. चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि मधात तुरीच्या ओळी. सासू, सासरे, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा धाकटा दीर. सासऱ्यांना दमा, त्यामुळे ते वावरात जात नाहीत, दिवसभर ओट्यावर बसून असतात (हे लक्षात ठेवा, पुढे कामी येतं). सुनेचं पहिलंच बाळंतपण. आपल्याकडे पहिली जचकी माहेरीच होते, पण हिची आई लग्नाआधीच वारलेली, माहेरी वडील आणि भाऊ, करणारं बाईमाणूस नाही, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं.

ग्रामीण रुग्णालयात नॉर्मल डिलिव्हरी झाली, मुलगी झाली, वजन 2.4 किलो. 2.5 च्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. पण रडली लगेच, तासाभरात अंगावर घेतलं, चिकाचं दूध फेकलं नाही, पाजलं. दोन दिवसांनी सुट्टी होऊन सगळे घरी आले. महिना ऑक्टोबर, सोयाबीन निघालेलं, दसरा तोंडावर, त्यानंतर सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून कापसाची पहिली वेचणी. विदर्भातल्या कोणालाही सांगायला नको की या दिवसांत घरातल्या प्रत्येक हाताला काय किंमत असते.

दवाखान्यात जचकी झालेल्या बाळाला आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बघते. वजन, ताप, श्वास, नाळ, दूध, सगळं. ही पद्धत आपल्या विदर्भातूनच देशभर गेली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू केली, 1999 साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले, नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 2011 पासून केंद्र सरकारनं हीच पद्धत आशांमार्फत राबवायला घेतली. हे मुद्दाम सांगतेय कारण काही घरांत अजूनही वाटतं की आशाताई झोळीचा काटा घेऊन येते ती फक्त रजिस्टर भरायला.

अडचण नेमकी काय होती

तिसऱ्या दिवशी वजन 2.28 झालं. पहिल्या काही दिवसांत बाळ थोडं उतरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सातव्या दिवशी 2.34, म्हणजे चढायला लागलं. सगळे निश्चिंत. चौदाव्या दिवशी आशाताईनं काटा लावला तर 2.30. तिनं मला फोन केला, मी दुपारीच पोचले, काटा पुन्हा शून्यावर आणला, दुपट्यासकट नाही तर बाळ उघडं करून पुन्हा मोजलं. तेवढंच. दोन आठवड्यांपर्यंत बाळानं जन्माचं वजन परत गाठावं असं आपण धरतो, इथं सातव्या दिवसापेक्षाही चाळीस ग्रॅम खाली आलेलं, आणि तेही आधीच कमी वजनाचं बाळ.

घरात उत्तर तयार होतं. सासूबाई वावरातून येऊन हातपाय धूत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तिले दूधच नाही उतरत वं बाई. पोट्टं रडते तं काय करा? म्हणून गायीचं देऊन राहिली मी."

शेजारच्या घरची गाय, त्या दुधात अर्धं पाणी, बोंडल्यानं दिवसातून दोन-तीनदा. सोबत सकाळी सहाणेवर उगाळलेली बाळघुटी, मध घालून. सून खाली मान घालून बसलेली. तिलाही खरंच वाटत होतं की आपल्यालाच दूध कमी आहे. एका बाजूच्या बोंडाला चीर पडलेली, तिकडून पाजताना डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून ती बाजू टाळायची. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आम्ही दोघी तिला आतल्या खोलीत घेऊन बसलो तेव्हा सांगितलं.

आधी काय तपासलं

पहिला निर्णय हा होता की बाळाला आत्ताच्या आत्ता हलवायचं का. 108 ला फोन करायचा तर ती गाडी खरी गरज असलेल्यासाठी लागते, आणि उशीर केला आणि काही झालं तर ते कधीच भरून येत नाही. म्हणून धोक्याच्या खुणा एकेक करून पाहिल्या. श्वास पूर्ण मिनिटभर घड्याळ लावून मोजला, साठच्या खाली होता (साठ किंवा जास्त असता तर थांबलोच नसतो). छाती आत ओढली जात नव्हती, अंग गार नव्हतं, तापही नव्हता, नाळ कोरडी, उठवलं की डोळे उघडून नीट ओढत होतं. लघवी मात्र कमी वाटली, आदल्या दिवशी चार-पाच वेळाच झाली असं सून म्हणाली, या वयात सहाच्या वर पाहिजे. म्हणजे आणीबाणी नाही, पण आठवडाभर वाट बघण्यासारखंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवायचं आणि रात्रीत यातली एक जरी खूण दिसली तर लगेच 108, असं नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, नंबर त्याच्या फोनमध्ये घालून घेतला.

मग सुनेला कालचा पूर्ण दिवस सांगायला लावला. 'दूध पुरतं का' असं विचारलंच नाही, त्या प्रश्नाला बाळंतीण नेहमी 'नाही पुरत' म्हणते. पहाटे उठलीस, मग काय केलं, मग काय, असं विचारत गेलो. पाचला उठून चूल, वावरात जाणाऱ्यांचे डबे, मजूर बायांचा चहा, हापशीवरून पाणी, भांडी, मग सासऱ्यांचं जेवण. बाळाला रात्री दोनदा पाजलेलं, पहाटे एकदा, त्यानंतर थेट साडेअकराला, मग तीनच्या पुढे, मग दिवेलागणीला. सगळं धरून सहा वेळा. लागतं आठ ते बारा वेळा. त्यातही कमी वजनाचं बाळ स्वतःहून मागत नाही, झोपूनच राहतं, त्याला दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं. मधल्या त्या मोठ्या खंडात बाळ रडलं की गायीचं पाणीदार दूध, ते पिऊन पोट भरायचं, बाळ गाढ झोपायचं, अंगावर कमी ओढायचं. कमी ओढलं की दूध कमी बनतं. पाणी घातलेल्या दुधात ताकदही नाही, आणि गायीचं दूध एवढ्याशा मूत्रपिंडांना जडही.

पण मग पहिले बारा दिवस बाळ वाढत का होतं? हीच या प्रकरणातली किल्ली. बारशापर्यंत सोयर होतं. सून चुलीला हात लावत नव्हती, एका खोलीत बाजेवर बाळाला घेऊन पडलेली, दुसरं कामच नाही, बाळ कुसकुसलं की पाजायचं. बारसं झालं, घर शुद्ध झालं, दुसऱ्या दिवसापासून ती मोकळी झाली म्हणजे कामाला मोकळी झाली. सव्वा महिना म्हणायला होता, नवीन लुगडं आणि ओटी भरायची तेवढा. मला विटाळ वगैरे पटत नाही, बाळंतिणीला अस्पृश्यासारखं कोपऱ्यात बसवणं चूकच. पण त्या चालीनं तिला जी विश्रांती मिळत होती ती खरी होती, आणि ती संपली त्याच दिवसापासून वजन थांबलं. दूध आटलं नव्हतं, वेळ आटला होता.

समोर कोणते रस्ते होते

गायीचंच दूध उकळून, पाणी न घालता चालू ठेवायचं, हे सासऱ्यांनी सुचवलं. त्यात अंगावरचं दूध आणखी कमी होत गेलं असतं. दीर म्हणाला मेडिकलमधून दुधाच्या पावडरीचा डबा आणू. डब्याचा खर्च महिन्याला परवडणारा नव्हता, आणि खर्च सोडला तरी उकळलेलं पाणी, धुतलेली वाटी, बरोबर माप हे सगळं दिवसातून आठ वेळा कोण करणार, ज्या बाईला पाजायलाच वेळ नाही ती? असे डबे परवडत नाहीत म्हणून पातळ केले जातात हे आम्ही बघितलेलं आहे.

तिसरा रस्ता, सुनेला आणि बाळाला काही दिवस माहेरी पाठवायचं. आराम मिळाला असता पण तिथं करणारं कोणी नाही, आणि गाव दुसऱ्या आशाच्या हद्दीत, वजनाचा धागा तुटला असता.

चौथा रस्ता आम्हाला सवयीचा, सुनेला नीट समजावून सांगायचं, वारंवार पाज, पौष्टिक खा, आराम कर, आणि निघून यायचं. आशाताईचा कल तिकडे होता, तसंच ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पण दिवसाचा हिशोब ऐकल्यावर दोघींनाही दिसलं की तिला सांगून उपयोग नाही. पाचला उठायचं की नाही हे ती ठरवत नव्हती. म्हणून पाचवा रस्ता धरला, घराच्या कामाची वाटणीच बदलायची, आणि त्यासाठी बोलायचं सासूशी.

काय केलं

त्याच संध्याकाळी, चहा झाल्यावर. दुपारी त्या दमून आलेल्या असताना बोललो असतो तर भांडण झालं असतं. काकूंचा सूर आधी कडकच होता. "आम्ही काय लेकरं वाढवली नाही का? पाच झाले मले. वावरात नेऊन पाजलं, धुऱ्यावर झोपवलं." आम्ही तो मान ठेवला, खोटा नाही, खरोखरच, कारण त्या बाईनं जे केलंय ते आपल्याला झेपणार नाही. पाचातले किती जगले हे विचारलं नाही. नंतर त्यांनीच सांगितलं, तीन.

त्यांना लिहिता-वाचता येत नाही, कार्डावरचा आलेख दाखवून काही झालं नसतं. म्हणून वजन त्यांच्या दिवसांवर मांडलं. पाचवी पुजली तेव्हा वाढत होतं की नाही? हाव. बारशाच्या आधी? हाव, गाल भरले होते. बारशानंतर थांबलं. मग काकू, बारशानंतर घरात काय बदललं? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "ते चुलीपाशी गेली." बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध बनतं हे सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, "म्हणजे नाल्यातल्या झिऱ्यावानी. उपसलं तं येते." आजवर माझ्या सगळ्या तक्त्यांनी जे झालं नाही ते या वाक्यानं झालं.

सगळ्याच गोष्टींवर हटायचं नाही हेही तिथंच ठरवलं. रोजची मालिश, शेक, डोक्याला टोपडं, हे चालू राहू दिलं, मालिशनं काही बिघडत नाही आणि आजीचा हात बाळावर असतो. धुरी मात्र बंद करायला सांगितली, सासऱ्यांच्या दम्याचं कारण पुढे केल्यावर लगेच मान्य झालं. मध एक वर्षाच्या आत अजिबात नको, त्यात असे जंतू असू शकतात की बाळाचं अंगच लुळं पडतं. घुटी सहा महिने नको. घुटीवर काकू नाराज झाल्या, पण सोडली.

बाळंतिणीचं पाणीही तोडलेलं होतं, पोट सुटतं म्हणून. तिला तहानेला पाणी, वरण, भाजी, दोन वेळचं पोटभर जेवण द्यायचं ठरलं. हालिवाचे लाडू डब्यात होतेच, ते पाहुण्यांना जात होते. रक्तवाढीच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, त्या कपाटात तशाच पडलेल्या, त्याही सुरू केल्या.

सकाळी आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी तपासलं, जंतुसंसर्ग नाही म्हणाले, वरचं दूध दोन-तीन दिवसांत पूर्ण बंद करा आणि वजन करत राहा असं सांगितलं. तिथल्या सिस्टरनं एक पूर्ण पाजणं बसून बघितलं. हे फार महत्त्वाचं आहे, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही. बाळ नुसतं बोंड धरत होतं, खालचा काळा भाग तोंडात जात नव्हता, म्हणून चीर. तोंड मोठं उघडू देऊन, हनुवटी टेकवून धरायला शिकवलं, चिरेवर स्वतःचंच दूध लावून वाळू द्यायला सांगितलं, दुखत असेल तेव्हा त्या बाजूचं दूध हातानं वाटीत काढून चमच्यानं पाजायचं.

मग कामाची वाटणी. पहाटेचा स्वयंपाक सासूनं घेतला, हापशीचं पाणी नवऱ्यानं. मजूर बायांचा चहा वावरातच तीन दगडांवर. सून सव्वा महिना फक्त संध्याकाळची भाजी करेल, तीही बाळ झोपलं असेल तर. सासू दुपारचं जेवण आटोपूनच वेचणीला जाणार. वेचणी किलोवर असते, अर्धा दिवस म्हणजे अर्धा कापूस, हे त्यांनी मान्य केलं ही साधी गोष्ट नाही, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असताना. रविवारी दीर वेचायला जाईल असं ठरलं.

आणि सासरे. त्यांच्याकडे कोणी काही मागितलंच नव्हतं आजवर. त्यांनाच सांगितलं की काका, दर दोन-अडीच तासांनी तुम्ही हाक मारायची. त्यांनी स्वतःच बेत बसवला, सकाळची एसटी आली की एकदा, शाळेची घंटा झाली की, मधली सुट्टी झाली की, दुपारची एसटी परत गेली की. हाकही जोरात, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी, "अवं पाज तिले." त्यामुळे सून हातातलं काम टाकून उठली तरी तिला कोणी काही म्हणू शकत नव्हतं, खुद्द सासऱ्याचा हुकूम होता.

नवऱ्याला बाळ उघड्या छातीशी धरायला शिकवलं, कमी वजनाच्या बाळाला ती ऊब औषधासारखी लागू पडते, आणि आईनंच करायला पाहिजे असं काही नाही. काकूंना ते विचित्र वाटलं, "माणूस उघडा बसते, पाहणारे काय म्हणन?" तर दार लोटून, आतल्या खोलीत, रात्री जेवण झाल्यावर तासभर. दिवाळीच्या सुमारास रात्री गार व्हायला लागल्या होत्या, तेव्हा तर हे लागलंच.

काय झालं

सतराव्या दिवशी आशाताई मुद्दाम जादा भेटीला गेली, 2.35. वरचं दूध बंद झालं होतं, लघवी सात-आठ वेळा. एकविसाव्या दिवशी 2.46, म्हणजे जन्माचं वजन ओलांडलं. अठ्ठाविसाव्या दिवशी 2.66. बेचाळिसाव्या दिवशी 3.08, त्याच आठवड्यात दीड महिन्याची लस झाली.

सगळं सरळ गेलं असं नाही. पहिल्या वेचणीचा काही कापूस वेळेत निघाला नाही, बोंडांत लोंबून राहिला, एका पावसात भिजला, पिवळा पडला, भाव कमी आला. घराला ते लागलं. नवऱ्यानं पाणी भरणं महिनाभरानंतर अधूनमधून टाळलं, मग दिरानं भरलं. दिवाळीला नणंद आली, तिनं बाळ बघून "वाळलं गं पोट्टं" म्हणत मधाचं बोट चाटवायला घेतलं तेव्हा काकूंनीच हात धरला. पण दुसऱ्या दिवशी त्याच काकूंनी बाळ रात्री फार रडलं म्हणून दोन चमचे गायीचं दूध दिलं, आणि सकाळी आशाताईला आपणहून सांगितलं. सांगितलं हे मोठं. आशाताई रागावली नाही, संध्याकाळचं रडणं या वयात वाढतंच, वजन चढतंय तोवर ते भुकेचंच असेल असं नाही, हे समजावून परत आली.

दुसऱ्या वेचणीला हात कमी पडले तेव्हा सुनेनंही वावरात यावं, बाळाला निंबाखाली लुगड्याच्या झोळीत ठेवावं असा विषय निघाला. तिथं मी ठाम नाही म्हटलं. शेजारच्या वावरात फवारणी चालू होती, 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली, ती धडधाकट मोठी माणसं होती. घरानं ऐकलं, एक मजूर बाई जास्त लावली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात पहिलं, हे बोलणं आठव्या महिन्यात व्हायला पाहिजे होतं. तेव्हा आपण दवाखाना कुठला, गाडी कोणाची, पैसे किती हे विचारतो. बारशानंतर भाकरी कोण करणार हे विचारत नाही. जचकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असेल तर हा प्रश्न आधी विचारायचा, आणि तो सासू-नवऱ्यासमोर विचारायचा.

दुसरं, सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या मधात आपली भेट नाही आणि नेमकं त्याच मधात बारसं येतं, घराची घडी बदलते. सातव्या दिवशी वजन चढलेलं दिसलं की सगळे ढिले पडतात. सरकारी वेळापत्रक बदलणं आपल्या हातात नाही, पण 2.5 च्या खालच्या बाळाकडे बारशाच्या दोन दिवसांनी एक चक्कर टाकणं आहे. आमच्या भागात आता तसं करतोय.

तिसरं दवाखान्याबद्दल. सुट्टी देण्याआधी कोणी तिचं एक पाजणं बसून बघितलं असतं तर चीर पडलीच नसती. गर्दी असते, मान्य, पण दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एक जे कोणत्याच घरभेटीनं सुटत नाही. कंपनीत किंवा ऑफिसात नोकरी असलेल्या बाईला 2017 पासून कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. वेचणीला जाणाऱ्या बाईला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार, तेही हप्त्यानं. या घरात सासूनं स्वतःची अर्धी वेचणी सोडून सुनेला रजा दिली, भिजलेल्या कापसाचा तोटा सोसला. जिथं सासूच नाही, जमीनही नाही, रोजची मजुरी हाच आधार, तिथं हीच वाटणी कोणात करायची? तशी दोन घरं सध्या आमच्या यादीत आहेत, दोघींच्या जचक्या ऐन वेचणीत येतायत. एकीच्या शेजारणींशी बोलणं सुरू केलंय, आळीपाळीनं पाणी आणि दुपारची भाकर देतो म्हणाल्यात. दुसरीकडे अजून काही ठरलेलं नाही.